सामान तुमच्या ताब्यात होते : विमान कंपन्यांच्या सामान-दावे विभागांना खुले पत्र

प्रति,
सर्व विमान कंपन्यांचे सामान-दावे विभाग आणि त्यांचे वरिष्ठ

स.न.वि.वि.

फुटलेल्या बॅगेबद्दल तुम्हाला लिहिले की काही दिवसांनी उत्तर येते. कंपनी कुठलीही असो, मजकुरात फारसा फरक नसतो. आधी दिलगिरी, मग प्रवाशाच्या संयमाबद्दल आभार आणि मग खरा मुद्दा: हाताळणीत होणारी नेहमीची झीज कंपनीच्या जबाबदारीत येत नाही, सबब दावा बंद करण्यात येत आहे. चाक उखडले तरी हेच, ट्रॉलीचा दांडा वाकून आत जाईनासा झाला तरी हेच, बॅगेचा कोपरा फुटून आतला टॉवेल बाहेर डोकावू लागला तरी हेच. झीज ही हळूहळू होणारी गोष्ट असते, असा आमचा आपला समज. सकाळी काउंटरवर चार चाकांवर गेलेली बॅग संध्याकाळी तीन चाकांवर आली, तर मधल्या वेळात तिची झीज नेमकी किती वेगाने झाली, याचा हिशेब तुमच्यापैकी कोणी कधी मांडून दाखवत नाही.

तुमच्या जबाबदारीची व्याप्ती तुम्ही स्वतः ठरवायची नसते, हे आधी लिहून टाकतो. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी ती १९९९ च्या माँट्रियल कराराने ठरवली आहे. हा करार ४ नोव्हेंबर २००३ पासून लागू आहे आणि १३० हून अधिक देशांनी तो मान्य केला आहे. त्याच्या १७ व्या कलमात चेक-इन केलेल्या सामानाबद्दल जे म्हटले आहे ते अगदी सरळ आहे: ज्या घटनेमुळे सामान खराब झाले, ती घटना विमानात किंवा सामान कंपनीच्या ताब्यात असताना घडली असेल, तर कंपनी जबाबदार. चूक कोणाची, निष्काळजीपणा होता का, बॅग कोणी फेकली, हे प्रवाशाने सिद्ध करायचे नाही. या कलमात सूट एकच आहे. सामानात मुळातच दोष असेल, त्याची प्रतच तशी असेल किंवा त्याच्यात अंगचेच वैगुण्य असेल, तर तेवढ्या प्रमाणात तुमची जबाबदारी कमी होते. तेवढ्याच प्रमाणात, पूर्ण नाही.

या एवढ्याशा फटीतून तुम्ही 'नेहमीची झीज' आत आणली आणि तिला घरची मालकीण करून बसवले. ओरखडे, धुळीचे डाग, घासून गेलेला रंग, यांना झीज म्हणा, कोणी भांडणार नाही. पण धड असलेले चाक बुडख्यासकट निघून येते, तेव्हा दोष बॅगेत होता हे सांगण्याची जबाबदारी तुमची आहे, आणि नुसते सांगून भागत नाही, दाखवावे लागते. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये तिथल्या विमान कंपन्यांना याच मुद्द्यावर तंबी दिली होती: चाके, हँडल, पट्टे यांचे नुकसान सरसकट जबाबदारीबाहेर ठेवता येणार नाही. चाक हा बॅगेचा भाग आहे, हे एका सरकारी खात्याला लेखी सांगावे लागले, यावरून आधी काय चालले असेल ते समजावे.

माझ्या बाबतीत काय झाले तेही सांगतो. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण त्याने काही बिघडत नाही. जागेवर दुसरे नाव घातले तरी गोष्ट तीच राहील. पट्ट्यावरून बॅग आली ती कुशीवर पडलेली. उभी केली तर एका बाजूला कलली. खालच्या डाव्या कोपऱ्यातले चाक नव्हते, आणि ते जिथे बसवलेले असते ती प्लास्टिकची वाटी आतल्या बाजूला दबून तिला हाताएवढी चीर गेली होती. चिरेच्या कडेला काळे रबर घासल्याचा लांबच लांब पट्टा होता. कुठल्यातरी फिरत्या पट्ट्याच्या सांध्यात चाक अडकले असणार आणि मागून यंत्र ढकलत राहिले असणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

सामान-तक्रारीच्या काउंटरवर एक तरुण कर्मचारी होता. त्याने बॅग पाहिली, मान हलवली आणि म्हणाला, "चाकाचं आम्ही घेत नाही." मी म्हटले, "घेऊ नका, लिहून तरी घ्या." यावर तो थोडा घुटमळला. मग त्याने अर्ज काढला. त्यात बॅगेचा प्रकार आणि रंग यांचे संकेतांक होते, नुकसान कुठल्या बाजूला ते भरायचे होते, आणि एका ओळीत तीन पर्याय: किरकोळ, मोठे, पूर्ण. त्याने किरकोळवर खूण केली. मी त्याला बॅग चालवून दाखवायला सांगितले. चार पावलांत ती आडवी झाली. त्याने निमूटपणे खूण खोडून 'मोठे' केले. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला जे शिकवले होते ते तो म्हणत होता, आणि प्रत्येक शिफ्टमध्ये माझ्यासारखे किती जण त्याच्या अंगावर ओरडत असतील याची कल्पना करता येते. प्रश्न त्याला शिकवणाऱ्यांचा आहे.

पुढचा पत्रव्यवहार अपेक्षेप्रमाणे झाला. पहिल्या उत्तरात झीज. दुसऱ्या ईमेलमध्ये मी १७ व्या कलमाचा उल्लेख केला, सूट कशाकशाला आहे ते लिहिले, आणि बॅगेत मूळचा दोष होता असे तुमचे म्हणणे असेल तर तो कोणता ते कळवा, असे विचारले. तिसऱ्या ईमेलची भाषा एकदम बदलली. 'विशेष बाब' म्हणून दुरुस्तीचा खर्च द्यायला कंपनी तयार झाली. पैसे आलेही. पण त्या 'विशेष बाब'ने माझे डोके जास्त फिरले. कलमाचा आकडा लिहिणाऱ्याला जे मिळते ते न लिहिणाऱ्याला का मिळू नये? करार दोघांसाठी एकच आहे. दावा नाकारायचा, बहुतेक लोक कंटाळून सोडून देतील हे गृहीत धरायचे, आणि जो चिकटून राहील त्याला मेहरबानी म्हणून द्यायचे, हा तुमचा रिवाज आहे. तो गैरसमजातून आलेला नाही. हिशेब करून ठरवलेला दिसतो.

काउंटरवर बॅग दिल्यावर तिचे काय होते, हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही, पण हे पत्र इतर प्रवासीही वाचतील म्हणून लिहितो. टॅग लागला की बॅग पट्ट्यावरून आत जाते, क्ष-किरण तपासणीतून पुढे सरकते, मग वर्गवारीच्या यंत्रणेत येते. तिथे टॅगवरचा दहा आकडी क्रमांक यंत्र वाचते आणि योग्य फाट्यावर एक यांत्रिक हात तिला बाजूला ढकलतो किंवा ती ज्या तबकात बसलेली असते ते तबक कलते. बॅग उतारावरून घसरत खाली येते आणि आधी आलेल्या बॅगांवर आदळते. तिथून ती गाडीवर चढते. पाऊस असेल आणि गाडीला पडदा नसेल, किंवा असून लावलेला नसेल, तर भिजते. मोठ्या विमानांत सामान कंटेनरमध्ये भरून चढवतात, त्यात त्यातल्या त्यात मार कमी. लहान विमानांत बहुधा बॅगा सुट्या रचतात. त्या पोटात माणसाला ताठ उभे राहता येत नाही. लोडर गुडघ्यांवर बसून एकेक बॅग ओढतो, फिरवतो, छतापर्यंत थर लावतो. तळाच्या बॅगेवर किती ओझे येत असेल ते बघा. उतरताना हेच सगळे उलट्या क्रमाने.

यात माणसांचा दोष कमी आणि घाईचा जास्त आहे. विमान जमिनीवर जितका वेळ उभे तितका तुमचा तोटा, म्हणून उतरवणे आणि चढवणे मिनिटांच्या हिशेबात चालते. एका बॅगेचे वजन बत्तीस किलोंच्या वर जाऊ द्यायचे नाही हा नियम बहुतेक ठिकाणी या कामगारांच्या पाठीसाठी आहे, आणि तो योग्यच आहे. बॅगा फेकणारा कोणी खिडकीतून दिसला की प्रवासी व्हिडिओ काढतात, तो सगळीकडे फिरतो, तुम्ही त्या कामगाराला कामावरून दूर केल्याचे जाहीर करता आणि सगळ्यांचे समाधान होते. त्याला कमी माणसांत आणि कमी वेळात तेच काम करायला लावणारा मात्र व्हिडिओत कधी नसतो.

आता सात दिवसांची गोष्ट. माँट्रियलच्या आधीच्या, १९२९ च्या वॉर्सा करारात सामानाच्या नुकसानीची तक्रार करायला तीन दिवस होते. १९५५ च्या हेग दुरुस्तीने ते सात केले आणि माँट्रियल कराराने ३१ व्या कलमात तेच कायम ठेवले: नुकसान लक्षात येताच लगेच, आणि उशिरात उशिरा बॅग हातात आल्यापासून सात दिवसांत, लेखी. म्हणजे घरी जाऊन बॅग उघडल्यावर आतली बाटली फुटलेली दिसली, कपडे ओले निघाले, कॅमेऱ्याची काच तडकलेली आढळली, तरी तक्रार करता येते. मग तुमच्या काउंटरवरचे लोक "एकदा टर्मिनलच्या बाहेर गेलात की काही करता येणार नाही" असे कुठल्या आधारावर सांगतात? तक्रार न करता सामान घेतले तर ते चांगल्या स्थितीत मिळाले असे प्रथमदर्शनी मानले जाते, हे खरे. पण प्रथमदर्शनी म्हणजे कायमचे नव्हे. विरुद्ध पुरावा दिला की ते गृहीतक पडते. विमानतळावरच तक्रार नोंदवणे प्रवाशाच्या फायद्याचे आहे, हे मीही सगळ्यांना सांगतो. फायद्याचा सल्ला वेगळा आणि हक्क संपल्याची खोटी भीती वेगळी.

उलटही होते, आणि ते जास्त वाईट. प्रवासी काउंटरवर अर्ज भरतो, त्याला क्रमांक मिळतो, पाच अक्षरे आणि पाच आकडे. पहिली तीन अक्षरे विमानतळाची, पुढची दोन कंपनीची. तो कागद जपून ठेवून माणूस निश्चिंत होतो. महिन्याभराने त्याला कळवतात की तो नुसता अहवाल होता, दावा वेगळा लिहायला हवा होता आणि आता मुदत गेली. तुमच्याच माणसाने, तुमच्याच छापील कागदावर, नुकसानीचे वर्णन, तारीख आणि सही घेतली. याहून लेखी तक्रार म्हणजे आणखी काय असते? तरीही कोणी प्रवासी हे वाचत असेल तर त्याला माझे सांगणे एवढेच: अहवाल केलात तरी सात दिवसांच्या आत कंपनीला एक ईमेल पाठवाच, फोटो जोडून, अहवालाचा क्रमांक लिहून. वाद घालत बसण्यापेक्षा वादाला जागाच ठेवू नये. आणि कंपनीने कितीही टोलवाटोलवी केली तरी न्यायालयात जायला पोहोचल्याच्या तारखेपासून दोन वर्षे असतात, हे ध्यानात ठेवा. देशांतर्गत प्रवासात त्या त्या देशाचा कायदा लागतो. मुदती आणि रकमा तिथे वेगळ्या असू शकतात, तेव्हा तिकिटाच्या अटी उघडून पाहाव्यात.

टोलवाटोलवीवरून आठवले. दोन-तीन विमाने बदलून येणाऱ्याची बॅग फुटली की पहिली कंपनी शेवटच्या कंपनीकडे बोट दाखवते, शेवटची मधल्या विमानतळाकडे, आणि मधला विमानतळ सामान हाताळणाऱ्या कंत्राटदाराकडे. ३६ व्या कलमाप्रमाणे प्रवासी पहिल्या कंपनीकडे मागू शकतो, शेवटच्या कंपनीकडे मागू शकतो, आणि ज्या टप्प्यात नुकसान झाले त्या कंपनीकडेही. तिघींची जबाबदारी एकत्रही आहे आणि स्वतंत्रही. बॅग नेमकी कुठे फुटली हे प्रवाशाला कळणे शक्यच नाही, म्हणून तर ही तरतूद. तुम्ही भरपाई द्या आणि मग ज्याने फोडली त्याच्याकडून वसूल करा. तुमच्या वसुलीच्या हक्काला करार धक्का लावत नाही, ३७ वे कलम तेच सांगते. तुमच्या आपसातल्या हिशेबात प्रवाशाला निरोप्या म्हणून वापरू नका.

रकमेचेही तसेच. सामानासाठी तुमच्या जबाबदारीची कमाल मर्यादा एसडीआर या एककात असते. ते आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे एकक आहे आणि डॉलर, युरो, युआन, येन व पौंड यांच्या मिश्रणावरून त्याचे मूल्य ठरते. मूळ करारात ही मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे १,००० एसडीआर होती. महागाईप्रमाणे ती वाढत गेली: २००९ च्या अखेरीस १,१३१, २०१९ च्या अखेरीस १,२८८ आणि २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९. प्रत्येक प्रवाशामागे, किलोमागे नाही. वजनावर भरपाई ही वॉर्सा कराराची पद्धत होती. तरीही काही कंपन्यांच्या अटींमध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासालाही किलोमागे अमुक रक्कम अशी ओळ अजून रेंगाळताना दिसते. करार लागू असेल तिथे त्यापेक्षा कमी मर्यादा ठरवणारी अट २६ व्या कलमानुसार रद्दबातल आहे. ती ओळ तुमच्या वकिलांच्या नजरेतून सुटली असेल असे मला वाटत नाही.

कमाल मर्यादा म्हणजे ठरलेला भाव नव्हे, हेही मान्य. जुन्या बॅगेचा घसारा धरणे रास्त आहे. पण मूळ खरेदीची पावती नसेल तर दावाच निकाली, ही कुठली पद्धत? सहा वर्षांपूर्वी घेतलेल्या सूटकेसची पावती कोण जपून ठेवतो? बॅगेची बनावट आणि मॉडेल पाहून तिची किंमत शोधायला तुमच्या माणसाला पाच मिनिटे लागतील. दुरुस्ती करणाऱ्याने लेखी अंदाज दिला तर तो पुरावा आहे, ती वस्तू दुरुस्त होण्यासारखी नाही असे त्याने लिहून दिले तर तोही पुरावा आहे. आणि काउंटरवरच्या कपाटातून काढलेली एक स्वस्त, पातळ बॅग हातात देऊन 'पूर्ण व अंतिम' अशी सही घेणे बंद करा. लांबच्या प्रवासाने शिणलेला, मुलाला कडेवर घेतलेला माणूस कशावरही सही करतो.

सगळ्यात गंभीर गोष्ट व्हीलचेअरची. करारात तिच्यासाठी वेगळी जागा नाही. ती सामानात मोजली जाते आणि मर्यादाही तीच. बॅटरीवर चालणारी, एका माणसाच्या पाठीच्या आणि मांड्यांच्या मापाने बनवलेली खुर्ची त्या मर्यादेच्या कितीतरी वर जाते. ती तुटली तर दुसऱ्या कुठल्या खुर्चीवर भागत नाही, चुकीच्या बैठकीने जखमा होतात. माणूस विमानातून उतरतो आणि त्याचे चालणेच मोडलेले असते. अशा वेळी करारातल्या आकड्याकडे बोट दाखवताना तुमच्यापैकी कोणाला काही वाटत नसेल तर पुढे लिहिण्यात अर्थ नाही. करार तुमचे हात बांधत नाही. २५ वे कलम स्वच्छ म्हणते की कंपनी आपल्या अटींमध्ये जास्त मर्यादा मान्य करू शकते, किंवा मर्यादा अजिबात ठेवणार नाही असेही म्हणू शकते. व्हीलचेअर आणि चालण्या-फिरण्याच्या साधनांसाठी ही मर्यादा तुम्ही उद्या सकाळी काढून टाकू शकता. त्यासाठी कुठल्या परिषदेची वाट पाहायला नको.

तोवर प्रवाशाला एक मार्ग आहे, जो तुमच्या काउंटरवर सहसा कोणी सांगत नाही. सामान सोपवताना त्याचे मूल्य विशेष जाहीर करून, कंपनी मागेल ती जादा रक्कम भरली की मर्यादा त्या जाहीर मूल्यापर्यंत जाते. कधी विचारून पाहा तुमच्याच चेक-इनच्या माणसाला. तो शेजारच्याला विचारेल, शेजारचा पर्यवेक्षकाला फोन लावेल, मागे रांग वाढेल, आणि शेवटी प्रवासीच म्हणेल, राहू दे.

आता मुख्य मागणीकडे येतो. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयाटाच्या, ठराव क्रमांक ७५३ नुसार जून २०१८ पासून तिच्या सदस्य कंपन्यांनी प्रत्येक बॅगेचा चार ठिकाणी माग ठेवायचा आहे: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, बदलीच्या विभागात देताना आणि प्रवाशाला परत करताना. याचा उपयोग झाला आहे, नाकारत नाही. विमान कंपन्यांना माहिती-तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सीटा या संस्थेच्या वार्षिक अहवालांप्रमाणे २००७ मध्ये दर हजार प्रवाशांमागे सुमारे १९ बॅगांचा घोळ होत असे, २०२४ मध्ये तो आकडा ६.३ वर आला. उशीर आणि हरवणे यांवर पैसा ओतला, यंत्रणा उभारली, फरक पडला. घोळ झालेल्या बॅगांपैकी पाचव्या हिश्श्याच्या आसपास मात्र तुटलेल्या किंवा आतून चोरी झालेल्या असतात, आणि तिथे अशी यंत्रणा उभारण्याची घाई कोणाला दिसत नाही. बॅग कुठे होती हे तुम्ही चार ठिकाणी लिहून ठेवायचे आहे. ती कशी होती, हे एकाही ठिकाणी लिहिण्याचे बंधन तुमच्यावर नाही.

काही विमानतळांवर स्वयंचलित बॅग-ड्रॉपच्या यंत्रांत कॅमेरे असतातच. बॅग आडवी आहे की उभी, पट्टा लोंबतो आहे का, हे ते पाहतात. तोच फोटो टॅगच्या क्रमांकाशी जोडून ठेवा आणि प्रवाशालाही पाठवा. पट्ट्यावर बॅग सोडण्याआधी दुसरा काढा. दोन फोटो शेजारी ठेवले की झीज कुठली आणि मोडतोड कुठली, याचा निकाल कोणालाही लावता येईल. यात तुमचाही फायदा आहे. आधीच चिरलेली बॅग देऊन नवीचे पैसे मागणारे प्रवासी असतात, मी काही सगळ्या प्रवाशांची वकिली करायला बसलेलो नाही. चेन फुटेस्तोवर कोंबलेल्या बॅगा, दोरीने आवळलेली खोकी, बाहेर लोंबणारे पट्टे, हे सगळे रोज येते. अशा वेळी मर्यादित जबाबदारीचा टॅग लावून प्रवाशाची सही घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण तो टॅग कशासाठी लावला हे त्यावर लिहा. धडधाकट बॅगेवर 'सगळ्यांनाच लावतो' म्हणून तो चिकटवू नका. आणि ज्या बॅगेवर तुम्ही कुठलाही शेरा न मारता टॅग लावलात, ती तुम्ही चांगल्या अवस्थेत घेतलीत असे तुम्हीच धरून चाला.

कॅमेरे येतील तेव्हा येतील. पैसे न लागणाऱ्या गोष्टी तरी लगेच करा. सामान-तक्रारीच्या काउंटरवर सात दिवसांची मुदत मोठ्या अक्षरात लावा. चाकाची, हँडलची तक्रार नोंदवायला नकार देण्याची सूचना तुमच्या प्रशिक्षणातून काढा. अहवालाची प्रत प्रवाशाला तिथेच द्या, आणि दावा कुठे, कसा पाठवायचा ते त्याच प्रतीवर छापा. दावा नाकारलात तर कुठल्या कलमाखाली नाकारला ते लिहा. एखाद्या बॅगेत मूळचा दोष होता असे म्हणणे असेल तर तो दोष कोणता, कोणी पाहिला आणि केव्हा, हे सांगा.

शेवटचे. नुकसानीचे किती दावे आले, त्यांपैकी किती 'झीज' म्हणून फेटाळले आणि त्या फेटाळलेल्यांपैकी किती पुन्हा पत्र आल्यावर मंजूर केले, हे तीन आकडे दर वर्षी कंपनीनिहाय जाहीर करा. तिसरा आकडा तुम्ही कधी जाहीर कराल असे मला वाटत नाही, म्हणूनच तो विशेष करून मागतो आहे. या पत्राला उत्तर द्यायचे असेल तर कृपया तयार मजकूर पाठवू नये.

कळावे,

आपला,
एक प्रवासी